मेंदूचे संकेत आणि संगणकाची साक्ष

मानवी मेंदूतून उमटणाऱ्या विद्युतसंकेतांची नोंद कोणी करावी, तिचा अर्थ कोणी लावावा आणि तो अर्थ कोठवर ग्राह्य मानावा, या प्रश्नांवरील पहिली जागतिक शिफारस युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्वीकारली. उझबेकिस्तानातील समरकंद येथे ही परिषद झाली. त्याच महिन्यात भारत सरकारने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याची नियमावली अधिसूचित केली. या दोन घटनांचा थेट संबंध नसला, तरी दोहोंच्या मुळाशी एकच चिंता आहे. माणसाच्या शरीरातून मिळालेली माहिती त्याच्याविषयी काय सांगते, हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे राहील, ही ती चिंता होय.

या विषयावरील चर्चा बहुधा यंत्रांभोवती आणि कायद्याभोवती फिरते. या दोहोंमधला दुवा असलेल्या संशोधन-सॉफ्टवेअरकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. डोक्यावर बसविलेले इलेक्ट्रोड केवळ आलेख नोंदवितात. त्या आलेखाला अर्थ देण्याचे काम संगणकावरील आज्ञावली करते. ती कोणी लिहिली, तिची पडताळणी कोणी केली आणि ती इतरांना तपासता येते की नाही, यावर निष्कर्षाची विश्वासार्हता अवलंबून असते. आज्ञावली तपासण्याची सोय नसेल तर काय घडू शकते, याचा अनुभव महाराष्ट्राने २००८ मध्ये घेतला आहे. अशी आज्ञावली खुलेपणाने कशी घडवावी, याची संधी आज मोठ्या प्रयोगशाळांच्या शहरांपुरती मर्यादित राहिलेली नाही. तमिळनाडूतील तंजावरसारख्या शहराचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

तंजावरचे स्थान

कावेरीच्या सुपीक खोऱ्यातील तंजावर मराठी वाचकांना अपरिचित नाही. व्यंकोजीराजे भोसले यांनी सतराव्या शतकात येथे मराठी राज्य स्थापन केले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आजही तेथे आहे. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या सरफोजीराजे दुसरे यांच्या हाती १७९९ च्या तहानंतर राज्यकारभार जवळजवळ उरला नव्हता. तो ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. मात्र या राजाने सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले आणि 'धन्वंतरी महाल' ही वैद्यकीय संस्था उभारली. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्य वैद्यक यांचा तेथे एकत्र अभ्यास होत असे. सरफोजीराजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी सरस्वती महालात जपून ठेवलेल्या आहेत. रोग्याची अवस्था, केलेला उपचार आणि त्याचा परिणाम यांबरोबर डोळ्यांची रंगीत चित्रेही त्यांत आढळतात. आपण काय पाहिले आणि काय केले, हे दुसऱ्याला पुन्हा पाहता यावे अशा रीतीने लिहून ठेवण्याची ही पद्धत होती.

आजचे तंजावर हे शिक्षणाचे केंद्र आहे. येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तमिळ विद्यापीठ आहे आणि शहराजवळ तिरुमलैसमुद्रम येथे 'शास्त्र' अभिमत विद्यापीठ आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या आणि २००१ मध्ये अभिमत दर्जा मिळालेल्या या संस्थेत संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि जैवतंत्रज्ञान हे विषय एकाच परिसरात शिकविले जातात. सुमारे पन्नास किलोमीटरवरील तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत मे २०२२ मध्ये ८३८ टेराफ्लॉप क्षमतेचा 'परम पोरुल' हा महासंगणक कार्यान्वित झाला. राष्ट्रीय महासंगणक अभियानाखाली तो उभारण्यात आला असून त्यामागे पुण्यातील सी-डॅक या संस्थेची परंपरा आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला होता.

मेंदूतील चुंबकीय संकेत मोजणाऱ्या यंत्राला अतिशीत द्रव हेलियम आणि बाहेरील चुंबकीय प्रभाव रोखणारी खास खोली लागते. त्याचा खर्च कोट्यवधी रुपयांत जातो आणि देशात अशी यंत्रे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. सॉफ्टवेअरचे तसे नाही. संगणक, इंटरनेट, गणिताची समज आणि चिकाटी यांच्या आधारे तंजावरचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी अमेरिकेतील किंवा युरोपातील प्रयोगशाळेच्या मुक्तस्रोत प्रकल्पात भर घालू शकतो. स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय चेतामाहितीशास्त्र समन्वय संस्था गूगलच्या 'समर ऑफ कोड' या उपक्रमात सहभागी होऊन नवोदितांना अशा प्रकल्पांवर मानधनासह काम देत आली आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमातील भारतीय सहभागींची संख्या अनेक वर्षे सर्व देशांत सर्वाधिक राहिली आहे.

संकेत म्हणजे नेमके काय?

जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूच्या विद्युतसंकेतांची पहिली नोंद केली. त्यांनी ती प्रसिद्ध केली १९२९ मध्ये. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या आलेखात सेकंदाला आठ ते तेरा आवर्तनांची लय दिसते, हा त्यांचा दावा अनेक समकालीनांना पटला नव्हता. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग स्वतंत्रपणे करून पाहिल्यानंतर तो मान्य झाला. या शास्त्राची सुरुवातच अशा रीतीने दुसऱ्याने केलेल्या पडताळणीने झाली आहे.

मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात, असा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेचा निष्कर्ष आहे. यांपैकी एका पेशीचा संकेत कवटीबाहेर पोहोचत नाही. मेंदूच्या बाह्यकातील पिरॅमिडच्या आकाराच्या हजारो पेशी एकाच दिशेने मांडलेल्या असतात. त्या एकाच वेळी सक्रिय झाल्या म्हणजे त्यांच्या प्रवाहांची बेरीज होते आणि डोक्याच्या त्वचेवर काही मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या काही दशलक्षांश, एवढा फरक मोजता येतो. पालखीसोबत चालणाऱ्या दिंडीचा गजर मैलावरून ऐकू येतो, तो शेकडो टाळ एका ठेक्यात वाजतात म्हणून. त्या गजरावरून दिंडी येत आहे हे कळते. कोणता टाळ कोणाच्या हातात आहे, हे कळत नाही.

मेंदूच्या संकेतांची मूळ अडचण हीच आहे. बाहेर मोजलेला एकच आलेख आतील अनेक वेगवेगळ्या रचनांमधून निर्माण होऊ शकतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच विद्युतप्रवाहांच्या बाबतीत ही गोष्ट गणिताने दाखविली होती. शास्त्रज्ञ तिला 'व्यस्त समस्या' म्हणतात. संगणक कितीही वेगवान झाला तरी ही समस्या नाहीशी होत नाही. काही गोष्टी गृहीत धरून तिच्यातून मार्ग काढावा लागतो, आणि ही गृहीतके आज्ञावलीत लिहिलेली असतात.

प्रारूपाचा उपयोग आणि मर्यादा

यावरील एक उपाय म्हणजे उलट दिशेने जाणे. चेतापेशींचे गणिती प्रारूप संगणकावर उभारायचे, त्याला वेगवेगळे संदेश पुरवायचे आणि त्यातून निघणारा संकेत माणसाकडून नोंदविलेल्या संकेताशी ताडून पाहायचा. या मार्गाचा पाया १९५२ मध्ये घातला गेला. अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी माखलीच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून विद्युत आवेगाची समीकरणे मांडली. त्यांना १९६३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे ती समीकरणे संगणकावर सोडविण्यासाठी अमेरिकेत मायकेल हाइन्स आणि सहकाऱ्यांनी 'न्यूरॉन' ही आज्ञावली विकसित केली. ती आजही जगभर वापरली जाते.

'न्यूरॉन'च्या आधारावर अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात स्टेफनी जोन्स यांच्या गटाने 'ह्यूमन निओकॉर्टिकल न्यूरोसॉल्व्हर' हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तयार केले. त्याचे सविस्तर विवेचन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूच्या बाह्यकातील एका स्तंभाचे प्रारूप त्यात दिलेले आहे. वरच्या आणि खालच्या थरांतील पिरॅमिड पेशी आणि त्यांना आवर घालणाऱ्या पेशी त्यात असतात. कोणत्या थरावर, किती जोराचा आणि किती मिलिसेकंदांनी संदेश येतो, हे संशोधक पडद्यावर बदलू शकतो. प्रारूपातून निघणारा संकेत आणि प्रत्यक्ष नोंद एकाखाली एक दिसते. गणिती भाषा न जाणणाऱ्या डॉक्टरलाही ते वापरता यावे, असा त्यामागील हेतू आहे.

या पद्धतीतून काय साधते, याचे उदाहरण २०१६ मधील एका संशोधनात सापडते. मानवी मेंदूत सेकंदाला साधारण वीस आवर्तनांची जी 'बीटा' लय दिसते, ती सलग नसून क्षणिक झटक्यांच्या रूपात येते, असे याच गटाला आढळले. हे झटके कसे निर्माण होत असावेत, याचे भाकीत प्रारूपाने केले. मेंदूच्या वरच्या थरांवर येणारा एक जोरकस संदेश आणि त्याच वेळी दुसऱ्या मार्गाने येणारा सौम्य संदेश यांच्या मिलाफातून ते उद्भवत असावेत, असे ते भाकीत होते. संशोधक तेथे थांबले नाहीत. उंदीर आणि माकडांच्या मेंदूतील थरांमध्ये केलेल्या नोंदींशी त्यांनी ते ताडून पाहिले आणि नोंदींचा भाकिताला दुजोरा मिळाला.

येथे एक मर्यादा स्पष्ट होते. प्रारूप 'असे असू शकेल' एवढेच सांगते. 'असेच आहे' हे सांगण्यासाठी स्वतंत्र पुरावा लागतो. प्रयोगशाळेत ही मर्यादा सर्वांना माहीत असते. सॉफ्टवेअर प्रयोगशाळेबाहेर, रुग्णालयात किंवा न्यायालयात जाते तेव्हा ती विसरली जाण्याचा धोका असतो.

हा धोका असूनही रुग्णालयांना अशा सॉफ्टवेअरची गरज आहे. भारतात अपस्माराचे रुग्ण एक कोटीहून अधिक असल्याचा अंदाज आहे. त्यांतील ज्यांना औषधांचा गुण येत नाही अशा काहींना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. मात्र झटका मेंदूच्या कोणत्या भागातून सुरू होतो, हे त्यासाठी नेमके कळावे लागते. फ्रान्समध्ये मार्सेय येथील व्हिक्टर जिर्सा यांच्या गटाने 'द व्हर्च्युअल ब्रेन' या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या आधारे प्रत्येक रुग्णाच्या मेंदूचे स्वतंत्र प्रारूप बनविण्याची पद्धत विकसित केली. तिची उपयुक्तता तपासण्यासाठी २०१९ मध्ये तेथे साडेतीनशेहून अधिक रुग्णांची चाचणी हाती घेण्यात आली. शस्त्रक्रियेत किती भाग काढावा, याचा विचार अशा प्रारूपाच्या आधारे होणार असेल, तर आज्ञावलीतील एक चूक रुग्णाच्या वाचेला किंवा स्मृतीला बाधा आणू शकते.

सॉफ्टवेअर चुकते तेव्हा

अशा चुका होतात आणि त्या बराच काळ लक्षात येत नाहीत, हे सिद्ध झालेले आहे. स्वीडनमधील अँडर्स एकलुंड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मेंदूच्या एमआरआय चित्रणाचे विश्लेषण करणाऱ्या प्रचलित आज्ञावलींची तपासणी केली. त्यांनी ४९९ निरोगी व्यक्तींची, कोणतेही काम न करता घेतलेली चित्रणे वापरली. अशा चित्रणांत गटागटांमध्ये फरक दिसण्याचे कारण नव्हते. चुकीचा निष्कर्ष निघण्याचे प्रमाण पाच टक्के अपेक्षित असताना काही पद्धतींत ते ७० टक्क्यांपर्यंत गेले. एका आज्ञावलीतील दोष पंधरा वर्षे तसाच राहिला होता. सुमारे ४० हजार संशोधने बाधित झाली असावीत, असे त्यांनी आधी म्हटले होते. नंतर हा अंदाज त्यांनी स्वतःच साडेतीन हजारांच्या आसपास आणला.

२०२० मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मेंदूच्या चित्रणांचा एकच संच ७० संशोधक गटांना देऊन त्यांना नऊ प्रश्नांची उत्तरे काढण्यास सांगण्यात आले. कोणत्याही दोन गटांनी विश्लेषणाची तंतोतंत सारखी पद्धत वापरली नाही आणि अनेक प्रश्नांवर त्यांचे निष्कर्ष जुळले नाहीत. यांत कोणाची लबाडी नव्हती. प्रत्येक टप्प्यावर निर्णय घ्यावे लागतात आणि त्या निर्णयांचा परिणाम अखेरच्या उत्तरावर होतो.

या दोन्ही घटनांत दोष उघडकीस आले, याचे कारण माहिती आणि आज्ञावली तपासणीसाठी उपलब्ध होत्या. बंद पेटीतील आज्ञावलीतही असे दोष असू शकतात. फक्त ते कोणाला दिसत नाहीत.

पुण्यातील खटला

पुण्याच्या सत्र न्यायालयाने १२ जून २००८ रोजी विषप्रयोगाने झालेल्या एका हत्येच्या खटल्यात दोघांना जन्मठेप सुनावली. आरोपींमध्ये मृत तरुणाशी पूर्वी विवाह ठरलेली एक तरुणी होती. न्यायालयासमोर इतर पुरावे होते. त्यांबरोबरच मेंदूच्या विद्युतसंकेतांवर आधारित 'बीईओएस' या चाचणीचा निष्कर्षही निकालपत्रात विचारात घेण्यात आला. या चाचणीत संशयिताच्या डोक्यावर इलेक्ट्रोड असलेली टोपी बसवून त्याला गुन्ह्याशी संबंधित वाक्ये प्रथमपुरुषी ऐकविली जातात. त्याने उत्तर द्यायचे नसते. एखादी गोष्ट त्याने केवळ ऐकली आहे की स्वतः अनुभवली आहे, हा भेद संगणक आलेखावरून ओळखतो, असा दावा होता.

या निकालाची दखल परदेशी वृत्तपत्रांनीही घेतली. चाचणीमागील पद्धतीची स्वतंत्र शास्त्रज्ञांकडून पुरेशी पडताळणी झालेली नाही, असा आक्षेप अनेक चेतावैज्ञानिकांनी नोंदविला. बंगळुरूच्या निम्हान्सचे संचालक अध्यक्ष असलेल्या तज्ज्ञ समितीनेही २००८ मध्ये या चाचण्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे सांगून त्यांचा वापर थांबविण्याची शिफारस केली. त्या तरुणीच्या शिक्षेला पुढे उच्च न्यायालयात स्थगिती मिळून तिला जामीन मंजूर झाला.

सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात या विषयावर निर्णायक मत दिले. नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी व्यक्तीच्या संमतीविना करणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) आणि २१ यांचे उल्लंघन आहे, असे न्यायालयाने ठरविले. संमतीने चाचणी झाली तरी तिचा निष्कर्ष स्वतःच पुरावा ठरणार नाही, असेही स्पष्ट केले. ९ जून २०२५ रोजी बिहारमधील एका प्रकरणात नार्को चाचणीसंदर्भात सर्वोच्च न्यायालयाने याच भूमिकेचा पुनरुच्चार केला. त्या पीठात न्यायमूर्ती संजय करोल आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांचा समावेश होता.

मेंदूची चाचणी मात्र बंद झालेली नाही. २०२० मधील हाथरस प्रकरणाच्या तपासात सीबीआयने आरोपींना या चाचणीसाठी गांधीनगरला नेले होते. न्यायालयाने नागरिकाच्या हक्काचे संरक्षण केले, हे महत्त्वाचे आहे. परंतु संमतीचा प्रश्न सुटल्याने अचूकतेचा प्रश्न सुटत नाही. एखाद्याने संमती दिली तरी आज्ञावली काय गृहीत धरते आणि कितीदा चुकते, हे त्याला, त्याच्या वकिलाला आणि न्यायाधीशांना कळण्याचा मार्ग असावयास हवा.

भारताची तयारी

या क्षेत्रात भारत मागे आहे, असे सरसकट म्हणता येणार नाही. चेतापेशींच्या जाळ्यांचे प्रारूप बनविणारी 'जेनेसिस' ही सुरुवातीच्या काळातील महत्त्वाची आज्ञावली १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील कॅलटेक येथे तयार झाली. तिच्या निर्मात्यांमध्ये उपिंदर भल्ला हे भारतीय शास्त्रज्ञ होते. भारतात परतल्यानंतर त्यांनी बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात 'मूस' हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विकसित केले. पेशीतील रासायनिक क्रियांपासून चेतापेशींच्या जाळ्यांपर्यंतचे स्तर त्यात एकत्र हाताळता येतात.

चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये श्रीनिवास चक्रवर्ती यांचा गट पार्किन्सनसारख्या विकारांची प्रारूपे तयार करतो. पुण्याच्या आयसर या संस्थेत सुहिता नाडकर्णी आणि कॉलिन्स असिसी यांचे गट संगणकीय चेताविज्ञानात काम करीत आहेत. भारतीय विज्ञान संस्थेतील सुप्रतिम राय यांच्या गटाने २०२१ मध्ये एक लक्षवेधी निरीक्षण प्रसिद्ध केले. पट्ट्यांची आकृती पाहताना मेंदूत उमटणारी 'गॅमा' लय स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्या ज्येष्ठांमध्ये क्षीण आढळते, असे ते निरीक्षण आहे. रुग्णसंख्या लहान असल्याने ते अधिक मोठ्या प्रमाणावर तपासावे लागेल. मात्र डोक्यावरील इलेक्ट्रोडसारख्या स्वस्त साधनातून अल्झायमरचा वेळीच सुगावा लागण्याची शक्यता त्यातून दिसते. आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये मानवी गर्भाच्या मेंदूचे ५,१३२ छेद असलेला 'धरणी' हा नकाशासंग्रह जगासाठी खुला केला.

उणीव आहे ती सातत्याची. विद्यार्थी पदवीसाठी आज्ञावली लिहितो, प्रबंध मान्य होतो, विद्यार्थी नोकरीला लागतो आणि आज्ञावली तशीच पडून राहते. संगणकाची कार्यप्रणाली बदलली की ती चालेनाशी होते. यंत्र खरेदीसाठी तरतूद असते, शोधनिबंधाला बढतीत गुण असतात; आज्ञावलीची देखभाल, चाचण्या आणि माहितीपुस्तिका यांसाठी बहुधा काहीच नसते. ब्रिटनमध्ये २०१२ पासून 'संशोधन सॉफ्टवेअर अभियंता' ही स्वतंत्र ओळख पुढे आली आणि विद्यापीठांनी त्या कामासाठी माणसे नेमली. आपल्या संशोधन संस्थांच्या आकृतिबंधात असे पद अद्याप रुजलेले नाही.

पैशाची अडचण पूर्वीइतकी नाही. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी २०२३ ते २०२८ या पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. 'इंडियाएआय' अभियानासाठी मार्च २०२४ मध्ये दहा हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर झाले. शोधपत्रिका सर्व शासकीय संस्थांतील विद्यार्थ्यांना वाचता याव्यात म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये सहा हजार कोटींची 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर झाली. शोधपत्रिका वाचणे सुकर झाले, ही स्वागतार्ह बाब आहे. मात्र त्यातील निष्कर्ष पुन्हा काढून पाहण्यासाठी लागणारी साधने टिकविणे हे वेगळे काम आहे आणि त्याला वेगळा निधी लागतो.

केवळ मोठ्या रकमेने हा प्रश्न सुटत नाही, हेही युरोपच्या अनुभवावरून दिसते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट'वर दहा वर्षांत सुमारे ६० कोटी युरो खर्च झाले. संगणकात संपूर्ण मानवी मेंदू उभा करण्याची सुरुवातीची आकांक्षा पूर्ण झाली नाही. २०१४ मध्येच शेकडो शास्त्रज्ञांनी जाहीर पत्राद्वारे प्रकल्पाच्या दिशेवर टीका केली होती. २०२३ मध्ये प्रकल्प संपला तेव्हा मागे राहिली ती 'ईब्रेन्स' ही सामायिक सुविधा, म्हणजे इतरांना वापरता येतील अशी साधने आणि माहितीसाठे.

कायद्याची बाजू

मेंदूच्या संकेतांबाबत काही देशांनी स्वतंत्र तरतुदी केल्या आहेत. चिलीने २०२१ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका माजी सिनेटरच्या मेंदूची माहिती पुसून टाकण्याचा आदेश एका अमेरिकी कंपनीला दिला. अमेरिकेतील कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये अशी माहिती संवेदनशील म्हणून संरक्षित केली. भारताच्या २०२३ च्या कायद्यात 'संवेदनशील माहिती' असा वेगळा वर्गच नाही. मेंदूचा आलेख आणि दूरध्वनी क्रमांक यांना त्यामुळे एकच मोजमाप लागू होते. संशोधनासाठी या कायद्यात ठरावीक निकषांच्या अधीन राहून सवलत आहे. ही सवलत आवश्यक आहे. परंतु तिचा लाभ घेणाऱ्याने आपली आज्ञावली तपासणीसाठी खुली ठेवावी, अशी अट घालणे अवाजवी ठरणार नाही.

तपासयंत्रणा आणि रुग्णालये यांना हेच तत्त्व लावता येईल. सार्वजनिक पैशातून तयार झालेले संशोधन-सॉफ्टवेअर मुक्तस्रोत असावे. न्यायालयात किंवा उपचारात वापरावयाच्या आज्ञावलीची तिच्या निर्मात्यांशी संबंध नसलेल्या संस्थेकडून तपासणी व्हावी आणि चुकण्याचे प्रमाण जाहीर व्हावे. आज्ञावलीची देखभाल हे संशोधनाइतकेच मान्य काम ठरावे. ही पडताळणी तंजावर, तिरुचिरापल्ली, नांदेड किंवा कोल्हापूर यांसारख्या शहरांतील विद्यापीठांकडे सोपविता येईल. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत, तेथील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम मिळते आणि मोठ्या संस्थांच्या निष्कर्षांना त्रयस्थ परीक्षक लाभतो.

मोडीचा धडा

तंजावरकडे याबाबतचा आणखी एक अनुभव आहे. मराठी राजवटीतील मोडी लिपीतले दप्तर तेथे मोठ्या प्रमाणावर जतन झाले. कागद टिकले, ते वाचणारे मात्र पिढ्यांगणिक कमी होत गेले. त्यांतील मजकूर अभ्यासकांपर्यंत पोहोचविण्यासाठी तमिळ विद्यापीठाला मोडी कागदपत्रांच्या तमिळ अनुवादाचे काम हाती घ्यावे लागले. मेंदूच्या नोंदींबाबतही अशीच स्थिती निर्माण होऊ शकते. प्रत्येक कंपनीचे यंत्र आपापल्या स्वरूपात नोंद साठविते आणि ते स्वरूप वाचणारी आज्ञावली बंद पडली की नोंद असून नसल्यासारखी होते. हे टाळण्यासाठी शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मेंदूच्या चित्रणांसाठी आणि २०१९ मध्ये विद्युतआलेखांसाठी सामायिक मांडणीचे नियम ठरविले आहेत. भारतातील रुग्णालये आणि प्रयोगशाळांनी ते स्वीकारण्यास कोणताही कायदा आड येत नाही.

सरफोजीराजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी आज दोनशे वर्षांनंतरही वैद्यांना अभ्यासता येतात, कारण काय पाहिले आणि काय केले हे त्यांत लिहिलेले आहे. पुण्यातील खटल्यात मेंदूच्या आलेखातून निष्कर्ष कसा निघाला, हे आरोपीला स्वतंत्रपणे तपासून पाहण्याचा मार्ग नव्हता. मेंदूचे संकेत वाचणारी यंत्रे पुढील काळात स्वस्त होत जातील आणि शाळा, कार्यालये, विमा कंपन्या येथपर्यंत पोहोचतील. ती यंत्रे दारात येण्यापूर्वी त्यांची आज्ञावली तपासणारी माणसे आणि तपासण्याचे नियम तयार असणे आवश्यक आहे.